‘मला वाटलं, तुला जायचंय’

आपल्याकडे गप्प बसणाऱ्या मुलाला ‘समजूतदार’ म्हणतात. मीही तसाच समजूतदार. त्या समजूतदारपणाने जानेवारीतल्या एका पहाटे मला आणि माझ्या मित्राला बर्फाखाली गाडलंच असतं. म्हणून आता या शब्दाशी माझं भांडण आहे.

आम्ही दोघं सिॲटलमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो. तो कॉलेजातला सीनियर. स्कीइंगही मी त्याच्याकडूनच शिकलो. साडेचारला घर सोडलं, सहाच्या आत स्नोक्वाल्मी पासजवळ गाडी लावली. बॅककंट्री स्कीइंग म्हणजे रिसॉर्टच्या बाहेरचं स्कीइंग. तिथे लिफ्ट नसते, गस्त नसते, उतार कुणी सुरक्षित करून ठेवलेला नसतो. स्कीच्या तळाला मागे घसरू न देणाऱ्या स्किन्स चिकटवायच्या, कपाळाला टॉर्च बांधायचा आणि अंधारात चढत राहायचं. सोबत गाडलेल्याला शोधायला बीकन, बर्फात खुपसून बघायला लांब प्रोब आणि उकरायला फावडं.

त्या दिवशी हिमस्खलनाचा धोका ५ पैकी ३ होता. ही पायरी फसवी. घरी बसावं इतकी भीती वाटत नाही, आणि बिनधास्त जावं इतकं सुरक्षितही नसतं.

झाडी विरळ झाली तेव्हा पायाखालून दबका ‘व्हूम्फ’ आवाज आला. बर्फातला कमकुवत थर कोसळला की असा आवाज येतो. सपाटीवर तो नुसता आवाज असतो. साधारण ३० अंशांहून तीव्र उतारावर मात्र वरची अख्खी लादी सुटू शकते. पुढचा उतार तसाच होता.

मला हे सगळं ठाऊक होतं. रीतसर कोर्स केला होता. तरी बोललो नाही. त्याला कळत असेलच की. आपण घाबरट दिसू. एवढ्या पहाटे उठून आलाय बिचारा, त्याचा मूड कशाला घालवा. वीस मिनिटं असाच चढत राहिलो. मग तोच थांबला.

“अरे, मघाशी तो आवाज ऐकलास का?”

“ऐकला.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलला नाहीस म्हणून.”

“मला वाटलं, तुला वर जायचंय!”

दोघांनाही परत फिरायचं होतं, आणि दोघंही एकमेकांच्या भिडेखातर वर चाललो होतो.

हा आमचाच वेडेपणा म्हणावा, तर तसंही नाही. १९ फेब्रुवारी २०१२ ला इथल्याच स्टीव्हन्स पासजवळ, टनेल क्रीकमध्ये, अनुभवी लोकांचा मोठा गट उतरला आणि हिमस्खलनात तिघांचा जीव गेला. त्यावरच्या जॉन ब्रँच यांच्या ‘स्नो फॉल’ या लेखाला २०१३ चं पुलित्झर मिळालं. वाचताना अंगावर काटा येतो तो यामुळे, की शंका अनेकांच्या मनात होती. पण सोबत एवढे जाणकार असताना आपण कशाला बोला?

ऑफिसात वेगळं काय करतो आपण? सीनियरचा कोड रिव्ह्यूला आला की वरवर बघून ‘अप्रूव्ह’. रात्री सिस्टीम पडली की, “मला तेव्हाच वाटलं होतं.” कोड मागे घेता येतो. सुटलेला बर्फ मागे घेता येत नाही.

याला मान देणं म्हणतात, असं कुणी सांगू नये. दोघांच्या चार कानांपैकी दोन मी बंद ठेवले, तर मी सीनियरला मान दिला नाही, निम्मी माहिती त्याच्यापासून लपवली. गाडल्या गेलेल्याच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. बीकन, फावडं हे सगळं नंतरचं. आधीचं साधन म्हणजे तोंड, आणि ते फुकट मिळालंय. भीड भिकेची बहीण म्हणतात. डोंगरात ती त्याहून महाग पडते.

“एवढी भीती असेल तर घरीच बसा ना,” असं म्हणणारे भेटतात. आम्ही घरी बसलो नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो, ३० अंशांच्या आतला उतार ठरवून. आता एक नियम आहे: एकाने ‘नको’ म्हटलं की दोघंही परत, कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही.

पार्किंगमध्ये स्किन्स चिकटवताना त्याने विचारलं, “आज काय दिसलं तर फिरायचं?”

या वेळी आधी मी बोललो.