गाळलेली ओळ कुणाची?

१३ मे २००८ रोजी डेबियनने जाहीर केले की, सप्टेंबर २००६पासून त्यांच्या ओपनएसएसएल पॅकेजातून तयार झालेल्या सांकेतिक किल्ल्या भरवशाच्या नाहीत. किल्लीचा अंदाज कुणाला बांधता येऊ नये म्हणून हे सॉफ्टवेअर ठिकठिकाणाहून यादृच्छिक मजकूर गोळा करून एकत्र मिसळते. मेमरीतल्या चुका हुडकणाऱ्या व्हॅलग्रिंडने त्यातल्या दोन ओळींबद्दल कुरकुर केली आणि डेबियनच्या पॅकेज-मेंटेनरने दोन्ही ओळी गाळल्या. दिसायला त्या जवळजवळ सारख्याच. एक गेल्याने काही बिघडत नव्हते. दुसरीवर मात्र सारे मिसळणेच अवलंबून होते. उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर ठरावीक लांबीच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या!

लगोलग निवाडा झाला : दोष वितरकाचा. ओपनएसएसएलच्या संस्थापकांपैकी एक, बेन लॉरी, यांनी लिहिले की वितरकांनी परस्पर दुरुस्त्या करण्याऐवजी त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवाव्यात. यातला अर्धा भाग मला निर्विवाद मान्य आहे. न कळलेली ओळ गाळणारा लेखनिक पोथीचा शत्रूच असतो, आणि मेंटेनरने आपला बदल रीतसर मूळ प्रकल्पाकडे पाठवला नाही, ही त्याची चूक होतीच.

पण उरलेल्या अर्ध्याचे काय? गाळण्यापूर्वी, २००६च्या मे महिन्यात, त्याने ओपनएसएसएलच्या विकसकांसाठीच्या यादीवर या दोन ओळींविषयी विचारले होते. प्रकल्पातल्याच एकाने उत्तर दिले की, दोष शोधायला मदत होत असेल तर काढायला हरकत नाही. पुढे खुलासा आला तो असा की, प्रकल्पाशी बोलण्याचा खरा पत्ता वेगळाच होता. दारावर पाटी एक आणि बिऱ्हाड भलतीकडे, असा हा प्रकार! ज्या ओळीवर सगळ्यांची सुरक्षितता टांगलेली, तिच्याशेजारी ‘हिला हात लावू नका’ एवढी टीप लिहायला कितीसे कष्ट पडले असते? आपला कोड इतरांच्या हातून जगभर जाणार हे ठाऊक असलेल्याने तो इतरांना वाचता येईल असा लिहायला नको का?

‘मूळ पाठाला हात लावू नका’ हा उपायही भाबडा आहे. २०१४ साली हार्टब्लीड उघडकीला आला तेव्हा दोष मूळ कोडातच होता. वितरकांनी तो इमानेइतबारे जसाच्या तसा घरोघर पोचवला.

म्हणून बदल करणाऱ्याने तो बदल नेमका दाखवावा आणि होकार देणाऱ्याने तो पाहूनच द्यावा. नंतर काही मोडले तर दोघांचीही नावे त्यावर असावीत. २००८च्या त्या मे महिन्यात जो बिचारा एकेका संगणकावर जाऊन किल्ल्या नव्याने घडवत बसला होता, त्याने या दोघांपैकी कुणालाच काही विचारले नव्हते. त्याने फक्त पॅकेज बसवले होते.