खुरपणी बायांची, पेरणी बाप्यांची?

शेतात पाभर पुरुषाच्या हाती, खुरपे बाईच्या. मजुरीही त्याच हिशेबाने. पुण्यात डेटा साठवणुकीचे सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत मी टेस्टर म्हणून लागले आणि तिथेही हीच वाटणी. प्रोग्रॅम त्यांनी लिहायचे, चुका आम्ही वेचायच्या. बदली मागितली की ठरलेले उत्तर : ‘बायका चिकाटीच्या, टेस्टिंगच त्यांना शोभते.’

असल्या कौतुकाचेच कुंपण होते. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲक संगणकाचे प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केले होते. तेव्हा ते कारकुनी काम समजले जाई, म्हणून बायकांना ‘शोभत’ होते. पुढे त्यात पैसा आणि प्रतिष्ठा आली, आणि बाईचा ‘स्वभाव’च बदलला!

लिहिता लिहिता वीज गेली तर डिस्कवर काय उरते, दोन प्रती जुळेनात तर खरी कुठली, हे टेस्टर रोज तपासते. प्रोग्रॅम लिहायला याहून मोठी शिदोरी कोणती?

तीन वर्षे मागत राहून मी प्रोग्रॅमर झाले. पण एकीला दार उघडले म्हणजे वाट झाली नाही. बदलीचे निकष लेखी जाहीर करा, प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्या. घरची दुसरी पाळी संपवून रात्री शिकण्याला ‘जिद्द’ म्हणत आमची पाठ थोपटू नका. मैत्रिणींनो, एकेकटीने अर्ज करू नका, मिळून मागा.