वेगळी थाळी



सहा महिन्यांहून जास्त राहण्यासाठी ब्रिटनला येणाऱ्या भारतीयाला क्षयाची तपासणी चुकत नाही. तुमच्यातल्या अनेकांनी व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढताना त्या रांगेला नावं ठेवली असतील. मला मात्र थंडगार पाट्याला छाती टेकवून, श्वास रोखून उभं असताना आठवली ती मालवणच्या घराची पडवी.

आजोबा गिरणीत होते. गिरणगावातली एक खोली, एक खिडकी आणि पाळीपाळीनं झोपणारे गाववाले. अशा खोल्यांतून किती चाकरमानी खोकला घेऊन कोकणात परतले, कोण मोजणार! परतलेल्या आजोबांचं अंथरूण पडवीत, थाळी वेगळी, तांब्या वेगळा. कुणी विचारलंच तर आजी म्हणायची, "दमो तो, दुसरा काय नाय." अडुळशाचा काढा रोज व्हायचा, पण रोगाचं नाव घरात कुणी घेतलं नाही.

गंमत म्हणजे पडवी बरोबर होती, थाळी चुकीची. क्षय भांड्यांतून लागत नाही. फुप्फुसाचा रोगी खोकतो तेव्हा जंतू हवेत तरंगतात आणि कोंदट जागेत बराच काळ सोबत राहणाऱ्याच्या छातीत शिरतात. वाऱ्याची जागा म्हणून पडवी उत्तमच.

जंतू शिरला म्हणजे रोग झाला, असंही नाही. बहुतेकांचं शरीर त्याला कोंडून ठेवतं. अशा शंभरांतल्या पाच-दहा जणांनाच पुढे कधीतरी क्षय होतो. मधुमेह, कुपोषण, तंबाखूचा धूर यांनी धोका वाढतो. इथल्या डॉक्टरांनी अशा संसर्गाची 'आयग्रा' रक्ततपासणी पॉझिटिव्ह आल्याचं सांगितलं की आपली माणसं हादरतात आणि आजीसारखीच गप्प बसतात. कशाला? झोपलेला जंतू दुसऱ्याला लागत नाही, आणि तो जागा होऊ नये म्हणून बहुधा तीन महिन्यांच्या गोळ्या पुरतात. दंडावरच्या बीसीजीच्या वणाचा या तपासणीवर परिणाम होत नाही.

रॉबर्ट कॉखनं हा जंतू 24 मार्च 1882 रोजी जगापुढे ठेवला, पण औषध यायला साठेक वर्षं गेली. अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी मधल्या काळातच, 1887 मध्ये, या रोगानं गेल्या. वय 21. आज निदानाचं एक यंत्र तर मालवणच्या शेजारीच, गोव्यात वेर्ण्याला बनतं. ट्रूनॅट. बॅटरीवर चालतं, थुंकीत जंतू आहे का ते तासाभरात सांगतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही पुढच्या चाचणीत कळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये त्याला मान्यता दिली.

साध्या क्षयाला सहा महिने औषध लागतं. लघवी नारिंगी होते. घाबरू नये, तो रिफॅम्पिसिनचा रंग. खरी अडचण पुढे येते. महिन्याभरात खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं आणि माणूस गोळ्या सोडतो. उरलेले जंतू मग औषधालाच दाद देईनासे होतात.

गणपतीला गावी जाल तेव्हा घरात, वाडीत दोन आठवड्यांहून अधिक खोकणारं कुणी असेल, तर 'पावसाचो खोकलो' म्हणून सोडू नका. त्यांना सरकारी दवाखान्यात न्या, थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं फुकट आहेत, शिवाय उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला 1000 रुपये रोग्याच्या खात्यात येतात. खोकताना तोंडावर रुमाल आणि खिडक्या सताड उघड्या, एवढं पाळा. थाळी वेगळी काढू नका.