सर्व्हरवर हल्ला, शिक्षा गिऱ्हाइकाला

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ जळगाव-धुळ्याच्या सेतू केंद्रात, महा ई-सेवा केंद्रात किंवा सहकारी बँकेच्या खिडकीवर हे वाक्य ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे सांगून गरिबाला परत पाठवले जाई. आता साहेबाची जागा सर्व्हरने घेतली आहे. साहेबाच्या नावाने निदान तक्रार तरी करता येत होती. सर्व्हर कोणाचा, तो कुठे ठेवला आहे आणि तो बंद का पडला, हे विचारायला खिडकीच नाही. पुष्कळदा कारण साधे असते. वायर तुटते, वीज जाते. पण अलीकडे आणखी एक कारण वाढत चालले आहे. त्या सर्व्हरवर कोणीतरी हल्ला केलेला असतो. या हल्ल्यांकडे आजवर केवळ संगणकवाल्यांचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. आमच्या मते हा खानदेशातल्या शेतकऱ्याचा, विद्यार्थ्याचा आणि छोट्या दुकानदाराचा प्रश्न आहे.

आधी हा धंदा समजून घेतला पाहिजे. वेबसाइट म्हणजे माहितीचा साठा. तो साठा चोवीस तास चालू असलेल्या संगणकावर ठेवावा लागतो. असा संगणक सांभाळून त्यावरची जागा भाड्याने देण्याच्या धंद्याला वेब होस्टिंग म्हणतात. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावी हा धंदा करणारी होतकरू मुले बहुधा मोठ्या कंपनीकडून जागा घाऊक भाड्याने घेतात आणि शाळा, पतसंस्था, दवाखाने, साप्ताहिके, डाळ मिल, चटईचे कारखाने यांना ती किरकोळीने देतात. एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइके असतात. चाळीला एकच नळ असावा तसा हा प्रकार आहे. नळात कोणी घाण टाकली की सगळी चाळ तहानलेली राहते. हल्लेखोराचे भांडण एकाशी असेल, पण त्याच सर्व्हरवरची पतसंस्था आणि शाळाही त्याच्याबरोबर बंद पडतात.

हल्ल्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिलीत जगभरचे हजारो संगणक आणि कॅमेरे चोरून ताब्यात घ्यायचे आणि त्या सर्वांकडून एकाच सर्व्हरवर एकदम मागण्यांचा भडिमार करायचा. दारात खोटी गर्दी उभी केली की खरे गिऱ्हाईक आत शिरूच शकत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्सच्या ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीवर असा मारा झाला. त्याआधी जुलै २०१६ मध्ये मुंबई परिसरातील इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही याच प्रकारच्या माऱ्याने जेरीस आणले होते. दुसरी तऱ्हा खंडणीची. सर्व्हरमध्ये शिरून सगळ्या फाइलींना कुलूप लावायचे आणि किल्लीचे पैसे मागायचे. जून २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील नयाना या होस्टिंग कंपनीचे १५३ सर्व्हर असे कुलूपबंद झाले आणि त्यावरच्या ३,४०० हून अधिक वेबसाइट अडकल्या. कंपनीने सुमारे दहा लाख डॉलर खंडणी मोजली. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या कंपनीने खंडणी दिली नाही. तिच्या बहुतेक गिऱ्हाइकांचा सगळा साठा गेला, कारण बॅकअपची प्रतही त्याच हल्ल्यात सापडली. दोन्ही ठिकाणी ज्यांचे काही चुकले नव्हते ते गिऱ्हाईक मेटाकुटीला आले.

हे सगळे परदेशात घडते, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने मार्च २०२१ आठवावा. २१ मार्चच्या पहाटे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरमध्ये खंडणीचा विषाणू शिरला. महामंडळाची कामे नाशिकच्या ईएसडीएस कंपनीच्या क्लाउडवर आणि महामंडळाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालत होती, असे महामंडळानेच जाहीर केले. मुख्यालयासह १६ प्रादेशिक कार्यालयांचे काम ठप्प झाले. खंडणीच्या रकमेबद्दल शेकडो कोटींच्या बातम्या उठल्या. चिठ्ठीत रकमेचा आकडा नव्हता, असा खुलासा महामंडळाने केला. दोष कोणाचा होता, हा आमचा आजचा मुद्दा नाही. जळगावची अजिंठा रोडवरची वसाहत असो की धुळ्याची अवधानची, तिथल्या छोट्या उद्योजकाचा भूखंड, पाण्याचे बिल, परवानगी हे सारे याच महामंडळाच्या दप्तरात आहे. हल्ला मुंबईच्या संगणकावर होतो आणि फाइल अवधानच्या माणसाची अडकते.

३१ जुलै २०२४ ला तर याहून मोठे घडले. सी-एज टेक्नॉलॉजीज ही देशभरच्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवणारी कंपनी. तिच्यावर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याने राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला मुख्य यंत्रणेपासून तोडले. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या गिऱ्हाइकांचे एटीएम आणि यूपीआय व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. पण त्या वेळी सूत्रांच्या हवाल्याने जी बातमी आली तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. देशाच्या एकूण व्यवहारांपैकी हे व्यवहार जेमतेम अर्धा टक्का आहेत, तेव्हा फार परिणाम नाही, असा त्या बातमीचा सूर होता. हा अर्धा टक्का कोण? ज्याचे खाते मोठ्या खासगी बँकेत नाही तो. ऐन पेरणीच्या दिवसांत बियाणे-खतासाठी चार हजार रुपये काढायला गावच्या बँकेत गेलेला तो माणूस. त्याच्यासाठी त्या दिवशी शंभर टक्के बँक बंद होती. टक्केवारीच्या हिशेबात तो नेहमीच नगण्य ठरतो.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला हक्क यांतले अंतर आम्हाला नवे नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, कारण ठरावाने ओंजळीत पाणी पडत नाही. आज शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, पीक विमा, परीक्षेचा अर्ज हे सारे हक्क पोर्टलच्या दारातून मिळतात. अर्जाची मुदत ठरलेली असते. २०१७-१८ मध्ये महाडीबीटी पोर्टल हल्ल्याशिवायच इतके कोलमडले की शासनाला शिष्यवृत्तीचे अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. मग एखाद्या दिवशी खरोखरच हल्ला झाला, तोही मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, तर साक्री किंवा चोपड्याच्या वसतिगृहातल्या मुलाने काय करायचे? शहरातला सुखवस्तू मुलगा फी भरून मोकळा होईल. याचे वर्ष जाईल.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. डेटा सेंटरही त्यातून सुटलेले नाहीत. मात्र ही खबर दिल्लीला जाते. ज्याचा आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँकेचे खाते चोरीला गेले त्याला कळवण्याचे बंधन त्या आदेशात नाही. ते बंधन २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, पण लोकांना कळवण्याची जबाबदारी लागू व्हायला तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत दिली गेली. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) ला कात्री लावली. ती कात्री मात्र लगेच लागू झाली. सरकारला प्रश्न विचारण्याचा रस्ता अरुंद करायला एक दिवस पुरतो आणि जनतेला उत्तर द्यायला दीड वर्ष लागते, हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट. नव्या कायद्यात निष्काळजी कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. ऐकायला हे भारी वाटते. पण तो दंड सरकारी तिजोरीत जमा होणार. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खाली निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागण्याचा जो हक्क पीडिताला होता, तो वगळण्याची तरतूद याच नव्या कायद्यात आहे. म्हणजे चोरी आमच्या घरात, दंड दिल्लीच्या तिजोरीत, आणि आमच्या हाती फक्त पोलीस ठाण्याची पावती. ही रचना आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या सेवेचा सर्व्हर हल्ल्याने किंवा बिघाडाने बंद राहील, त्या सेवेच्या अर्जाची मुदत तितके दिवस आपोआप वाढलीच पाहिजे. त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागू नये. प्रत्येक केंद्रावर कागदी अर्ज आणि तारखेची पोच ठेवली पाहिजे. हल्ला झाल्याची माहिती पीडितांना मराठीत मिळाली पाहिजे. भरपाईचा हक्क कायम राहिला पाहिजे. राज्य सरकारने नवी मुंबईत महापे येथे सायबर सुरक्षेचे मोठे केंद्र उभारले, चांगले केले. पण जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात सर्व्हरची तपासणी करू शकणारे प्रशिक्षित मनुष्यबळ पुरेसे असले पाहिजे, नाहीतर फिर्याद घेऊन पाय झिजवण्यापलीकडे काही होणार नाही.

आमच्या माणसांनीही थोडी सावधगिरी शिकावी. संस्थेच्या वेबसाइटचे नाव संस्थेच्याच नावावर नोंदलेले असावे, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नव्हे. पासवर्ड संस्थेच्या दप्तरात असावा. साठ्याच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या जागी, इंटरनेटशी न जोडलेली. होस्टिंगवाल्याला विचारावे की बॅकअप कुठे आहे आणि तो परत चढवून कधी पाहिला होता. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. खंडणी भरली की किल्ली मिळेलच याची हमी नसते.

स्थानिक होस्टिंगवाल्या पोरांना मोडीत काढून सगळे चार बड्या परदेशी कंपन्यांच्या ओटीत घालावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बड्यांचे सर्व्हरही बंद पडतात. जळगावच्या पोराच्या दुकानात निदान जाऊन त्याला जाब विचारता येतो. त्याला प्रशिक्षण द्या, कमी व्याजाचे भांडवल द्या आणि जबाबदारीच्या कक्षेतही आणा. हल्लेखोर कुठल्या देशात बसला आहे हे शोधायला वर्षे लागतील. पण ज्याचे दार बंद झाले त्याची मुदत वाढवायला आणि त्याला भरपाई द्यायला एक शासन निर्णय आणि थोडी लाज पुरेशी आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे अर्ज सुरू होण्याआधी तो निर्णय निघाला पाहिजे. जळगाव आणि धुळ्याच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत हा प्रश्न विचारावा. मतदार त्यांच्या उत्तराची नोंद ठेवतील.