इमारत रिकामी होताना शाळा रिकामी होऊ देऊ नका

कन्नमवार नगरातील सभासद बंधू-भगिनींनो,

पुनर्विकासाच्या सभांत कार्पेट, कॉर्पस, भाडे, पार्किंग यांवर रात्री उशिरापर्यंत खल होतो. व्हायलाच हवा, गळक्या स्लॅबखाली आणखी किती पावसाळे काढायचे? पण आपल्याच इमारतींत भाड्याने राहणाऱ्यांचा विषय कुणी काढत नाही.

इमारत रिकामी झाली की सभासदाला बिल्डरकडून दरमहा भाडे मिळते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या रिक्षावाल्याला, आयाबाईला, कुरिअरवाल्याला काहीच मिळत नाही. विक्रोळीत खोली परवडत नाही, म्हणून बिऱ्हाड टिटवाळा, बदलापूरला जाते. सहामाही तोंडावर असताना मुलाचा दाखला काढावा लागतो.

असे दाखले वाढले की शाळाच डगमगते. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. दोघांनी पाच वर्ग कसे सांभाळायचे? ते पाहून उरलेले पालकही मुले काढून घेतात. पुढे टॉवर उभा राहतो, पण त्यातल्या महागड्या घरांतून या शाळेत कोण येणार?

गृहनिर्माण मंडळाची ही वसाहत बेताच्या पगाराच्या माणसांसाठीच उभी राहिली. आपल्या आईवडिलांना इथे घर परवडले, म्हणून आपण इथल्या शाळांत शिकलो.

बिल्डर ठरवताना ५१ टक्के सभासदांची संमती लागते. सही होईपर्यंतच आपल्या शब्दाला वजन आहे. म्हणून आत्ताच एवढे करा :

१. विक्रीच्या घरांत ३० चौरस मीटरपर्यंतची काही छोटी घरे ठेवण्याची अट ठरावात घाला.

२. इमारत वार्षिक परीक्षेनंतरच रिकामी होईल, असे विकास करारनाम्यात लिहून घ्या.

३. भाडेकरूंना निदान सहा महिने आधी लेखी कळवा.

४. वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यात म्हाडाने नुसते अधिमूल्य न घेता याच वसाहतीत परवडणारी घरे घ्यावीत, असे निवेदन आमदारांकडे आणि म्हाडाकडे द्या.

सभेची नोटीस आली असेल, तर हा विषय आजच सचिवांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. सभेला स्वतः या, शेजारच्यांनाही आणा. करारनाम्याची नोंदणी झाल्यावर हळहळून उपयोग नाही.

आपले,
शाळा व्यवस्थापन समितीतील पालक