नळाला पाणी आले नाही, तर तपासणीची नोंद मागा

सोलापूरकरांना एक निवेदन तोंडपाठ झाले आहे. ‘वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे’ किंवा ‘तांत्रिक बिघाडामुळे’ शहराचा पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलण्यात येत आहे, नागरिकांनी सहकार्य करावे. ज्या शहरात अनेक भागांना वर्षानुवर्षे तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी मिळते, तिथे हा एक दिवस साधा नसतो. सगळी पाळीच पुढे सरकते. ज्यांच्या घरी बोअर आणि मोठी टाकी आहे, त्यांना ते जाणवतही नाही. नई जिंदगीत किंवा शास्त्रीनगरात एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे मात्र पिंप रिकामे होते. यंत्रमागावर जाणाऱ्याचा खाडा होतो, विड्या वळणारीचा अर्धा दिवस नळाकडे कान लावण्यात जातो.

मग आपण काय करतो? चावीवाल्याला शिव्या देतो, माजी नगरसेवकाला फोन लावतो, व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकतो. पाणी आले की विसरतो. ‘तांत्रिक बिघाड’ हा शब्द आपण पावसासारखा स्वीकारला आहे. माझे म्हणणे असे की, यातले बरेचसे बिघाड आधी मोजता येतात. मोजले की नाही, हे विचारणे हा आपला हक्क आहे.

आधी आपले पाणी कसे येते ते पाहू. उजनी धरणातून सुमारे 110 किलोमीटर लांब जलवाहिनीने ते पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. भीमेवरच्या टाकळीहून उपसलेले पाणी सोरेगावच्या केंद्रात जाते. हिप्परगा तलावाचे पाणी भवानी पेठेत शुद्ध होते. तिन्ही वाटांवर पंप आहेत, आणि पंप म्हणजे मोटार, ट्रान्सफॉर्मर, केबल, स्विचगिअर आणि अर्थिंग. लांब जलवाहिनीवर वीज अचानक गेली की सगळे पंप एकदम थांबतात. वाहते पाणी थबकते, उलटे फिरते आणि पाइपला आतून दणका देते. त्यात एखादा जोड निखळतो, एअर व्हॉल्व्ह फुटतो. वीज दहा मिनिटांत परत आली तरी दुरुस्ती करून रिकामी वाहिनी पुन्हा भरायला कित्येक तास लागतात. दरम्यान गल्लीतल्या पाइपमध्ये दाब राहत नाही. पाइप गटाराजवळून जात असेल आणि कुठे फुटका असेल, तर घाण पाणी आत शिरते. म्हणजे पंपघरातला बिघाड शेवटी मुलांच्या पोटापर्यंत येतो.

वीज महावितरणच्या बाजूने गेली, तर महापालिका काय करणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. वाहिनीवर झाड पडले तर पंपचालकाचा त्यात दोष नाही. पण मोटार जळणे, केबलचा स्फोट होणे, ब्रेकर न पडणे किंवा विनाकारण पडणे या गोष्टी केंद्राच्या आवारातल्या आहेत, आणि त्यांच्या चाचण्या इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असतात. मेगर लावून मोटारीचे आणि केबलचे इन्सुलेशन तपासतात. कमी दाबाच्या जोडणीला 500 व्होल्ट डीसी एक मिनिट लावल्यावर किमान 1 मेगाओहम आणि 33 हजार व्होल्टपर्यंतच्या उच्च दाबाच्या जोडणीला अडीच हजार व्होल्ट लावल्यावर किमान 5 मेगाओहम यायला हवे, ही केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतली अट. पण एका आकड्यापेक्षा महत्त्वाची असते ती त्याची चाल. जी मोटार गेल्या वर्षी 200 दाखवत होती ती यंदा 20 दाखवत असेल, तर ती नियमात बसते, पण ती जळण्याच्या वाटेवर असू शकते. हे कळायला जुनी नोंद लागते. नोंदच नसेल तर मेगर असून उपयोग नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची चाचणी, रिलेची चाचणी आणि कुठला जोड तापतो आहे हे दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याची फेरी यांचेही तसेच. जलशुद्धीकरण केंद्रात तर हे जास्त लागते. तिथे ओल कायमची असते आणि हवेतला क्लोरीन तांब्याचे जोड खातो. सोलापूरचा उन्हाळा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा मोटारीचे इन्सुलेशन लवकर म्हातारे होते. जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. त्यामुळे ऐन पावसाळ्यात अर्थिंग तपासून ‘ठीक आहे’ असा शेरा मारला, तर तो एप्रिल-मे महिन्यांसाठी खरा नसतो. तपासणी उन्हाळ्यात हवी.

अर्थिंगचा प्रश्न फक्त पाण्याचा नाही, जिवाचाही आहे. 19 जुलै 2023 रोजी उत्तराखंडमधल्या चमोली येथे, अलकनंदेच्या काठावरच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात 16 जणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. आदल्या रात्री तिथला एक कर्मचारी मरण पावला होता. सकाळी पोलीस पंचनाम्याला आले, गावकरी जमले. वीज परत आली तेव्हा ती लोखंडी रेलिंगमध्ये उतरली होती. मेलेल्यांत पोलीस होते, होमगार्ड होते, चौकशी करायला आलेले साधे लोक होते. चांगले अर्थिंग आणि वेळेवर तुटणारे संरक्षण अशाच क्षणासाठी असते. माणसाला वाचवणारा आरसीसीबी 30 मिलिअँपिअर गळतीवर तुटतो, कारण त्याहून थोडा जास्त प्रवाहही हृदय थांबवू शकतो.

आपल्या केंद्रांतही कोणीतरी रात्रपाळीला ओल्या फरशीवर उभे असते. आजकाल अशी कामे पुष्कळदा ठेकेदाराकडून होतात. मोहल्ल्यातली आयटीआय झालेली किंवा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हात काळे करून शिकलेली मुले अशाच कामांवर जातात. पॅनेलसमोर रबरी मॅट आहे का, हातमोजे तपासलेले आहेत का, दुरुस्ती चालू असताना स्विचला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असते का, हे त्यांच्या घरच्यांचे प्रश्न आहेत.

नव्या समांतर जलवाहिनीने सगळे सुटेल, असे सांगितले जाते. रोज 170 दशलक्ष लिटर क्षमतेची ती वाहिनी शहराला हवीच होती, तिचे स्वागत आहे. पण पाइप नवा असला तरी पाणी पंपच ढकलणार. पंप वाढले की तपासायच्या गोष्टीही वाढतात. नव्या वाहिनीच्या उद्घाटनाला फीत कापली जाते, मेगरच्या वहीला कोणी हार घालत नाही. म्हणून तिच्याकडे नागरिकांनी पाहायला हवे.

अभियंत्यांची एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. तपासणीसाठी पंप बंद ठेवावे लागतात, आणि चार दिवस वाट पाहिलेले लोक बंदचे नाव काढले की भडकतात. मग अधिकारी तपासणी पुढे ढकलतो. इथे आपलीही जबाबदारी आहे. आठवडाभर आधी सांगून, रमजान, ईद, गड्डा यात्रा असे दिवस टाळून सहा तासांचा बंद घेतला, तर आपण त्याच्या बाजूने उभे राहू, असे आपण जाहीरपणे म्हटले पाहिजे. सांगून घेतलेले सहा तास न सांगता गेलेल्या दोन दिवसांपेक्षा परवडतात.

आता करायचे काय? माहिती अधिकार कायदा 2005 नुसार दहा रुपये शुल्क भरून महापालिकेकडे अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. हा कायदा कागदांच्या प्रतींबरोबरच काम आणि नोंदी प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क देतो. पाकणी, सोरेगाव आणि भवानी पेठ, तिन्ही केंद्रांसाठी चार गोष्टी मागा.

1. गेल्या तीन वर्षांतल्या इन्सुलेशन आणि अर्थिंग चाचण्यांच्या तारखा व आकडे.
2. विद्युत निरीक्षकांच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि त्यातल्या त्रुटींवर झालेली कारवाई.
3. गेल्या वर्षभरात पंप किती वेळा, किती तास आणि कशामुळे बंद पडले.
4. देखभालीच्या ठेक्याची प्रत आणि कामगारांना दिलेल्या सुरक्षा साहित्याची यादी.

उत्तर आले की ते एकट्याने वाचू नका. आपल्यात वायरमन आहेत, डिप्लोमाची मुले-मुली आहेत, त्यांना बरोबर घेऊन आकडे समजून घ्या आणि साध्या मराठीत, उर्दूत मोहल्ल्यात लावा. नोंदी चांगल्या निघाल्या तर तेही सांगा, त्या कर्मचाऱ्यांचे नाव झाले पाहिजे. नोंदीच नाहीत असे उत्तर आले, तर पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारासमोर तो कागद ठेवा. पाण्याचा प्रश्न ना एका पेठेचा आहे ना एका जमातीचा. सोरेगावची मोटार जळली की विजापूर वेशीतला आणि पलीकडच्या पेठेतला नळ सारखाच कोरडा पडतो. म्हणून अर्जावर सह्याही सगळ्या गल्ल्यांच्या घ्या.