मुहूर्ताआधी परमिट

तुळशीचं लग्न लागलं की शिरूर काय नि दौंड काय, मंगल कार्यालयांच्या तारखा हातोहात जातात. म्हणून मुलगा परदेशी असला तरी आपण आधी कार्यालय धरतो, मग गुरुजींना विचारतो आणि सगळ्यात शेवटी त्याला फोन लावतो, "अमुक तारखेला ये रे बाबा." मैत्रिणींनो, हा क्रम आता उलटा करायला हवा.

दौंडच्या एका भगिनीनं लिहिलंय, "मुलाचं अमेरिकेतलं वर्क परमिट फेब्रुवारीत संपतंय, पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का तर केव्हाच संपला. तो म्हणतो, डिसेंबरात आलो तर परत जाता येईलच असं नाही. नोकरी तर चालू आहे! मग हा लग्न टाळतोय का?"

टाळत नसेल हो. त्याचं म्हणणं आधी नीट समजून घ्या. आपल्याला सगळे कागद सारखेच वाटतात, पण ते तीन वेगळे आहेत. व्हिसाचा शिक्का म्हणजे नुसतं दारातून आत यायची परवानगी. आत किती दिवस राहायचं, ते आय-९४ नावाच्या नोंदीवर असतं. आणि काम करायची मंजुरी कंपनी अर्ज करून मिळवते. तिला एच-१बी म्हणतात. एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षं, नि साधारणपणे एकूण ६. त्यामुळे शिक्का संपला तरी मुलगा तिथं राजरोस राहू शकतो, नोकरी करू शकतो. फक्त एकदा बाहेर पडला, की नव्या शिक्क्याशिवाय पुन्हा आत जाता येत नाही. तो शिक्का मिळवायला इथं आल्यावर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची. कळलं ना घोडं कुठं पेंड खातं ते?

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी सहा महिने करता येतो. म्हणजे फेब्रुवारीत संपणाऱ्या परमिटासाठी ऑगस्टातच कंपनीच्या मागे लागावं. जादा फी भरली तर १५ कामाच्या दिवसांत उत्तर येतं (ते उत्तर कधीकधी 'आणखी कागद पाठवा' असंही असतं). अर्ज वेळेत गेला असेल, तर निकाल यायला उशीर झाला तरी जुन्या मुदतीनंतर २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. पण ही सवलत तिथं राहणाऱ्याला. अर्ज अधांतरी ठेवून देश सोडू नका, असंच वकील सांगतात.

'एवढी कसली भीती' म्हणणाऱ्यांनी २०२५ साल आठवावं. १९ सप्टेंबरला नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली. ती जुन्या परमिटधारकांना लागू नाही, हा खुलासा होईपर्यंत सुट्टीवर आलेल्या कित्येकांनी मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं. त्याच महिन्यात मुलाखतीशिवाय शिक्का मिळण्याची सोय बहुतेकांची गेली. आणि डिसेंबरात समाजमाध्यमांवरच्या खात्यांची तपासणी वाढली, तशा भारतातल्या ठरलेल्या मुलाखती पुढच्या वर्षी मार्चवर नि त्याहीपुढे गेल्या. नातेवाइकांच्या लग्नाला म्हणून आलेले लोक इथंच अडकले. तिकडे घराचं भाडं चालू, गाडीचे हप्ते चालू, आणि साहेब किती दिवस थांबणार?

म्हणून आधी मुदतवाढीची मंजुरी हातात, मग मुलाखतीची तारीख, मग तिकीट. कार्यालय त्यानंतर. मुलाखत लग्नानंतर ठेवण्यापेक्षा आल्याआल्या ठेवावी, आणि शिक्का होईपर्यंत पासपोर्ट त्यांच्याकडेच राहतो हेही ध्यानात असू द्या. पासपोर्टाची मुदतही बघा. तो लवकर संपणारा असेल, तर तिथं उतरल्यावर राहण्याची मुदतही तेवढीच मिळते, मंजुरी तीन वर्षांची असली तरी! हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

सुनेचा विचार मात्र कुणी करत नाही, त्याचा मला राग येतो. २०१५ पासून एच-१बीवाल्यांच्या काही बायकांना, ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलंय त्यांना, वेगळ्या कार्डावर नोकरी करता येते. त्या कार्डाच्या नूतनीकरणाला वेळ लागला तर पूर्वी काही काळ आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती बंद झाली. कार्ड संपलं की दुसऱ्या दिवशी नोकरीवर जाता येत नाही. तेव्हा "नणंदेच्या डोहाळजेवणाला ती का नाही आली?" असं चारचौघींत म्हणण्याआधी तिच्या कार्डाची तारीख विचारा.

आखातातली तऱ्हा निराळी. सौदीतून सुट्टीवर यायचं, तर निघण्यापूर्वीच परत येण्याची परवानगी काढावी लागते. दुबईचा साधा नोकरीचा रहिवास सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की सहसा रद्द होतो. आईच्या आजारपणासाठी आलेल्या मुलानं हे दिवस कॅलेंडरवर मोजत राहावं.

आता नवरीबद्दल. लग्न झाल्याबरोबर नगरपरिषदेत नोंदणी करून दाखला घ्या. शिरूरला नि दौंडलाही नगरपरिषद आहे. तिच्या व्हिसासाठी तो लागतोच. लग्नपत्रिका, विधींचे फोटो जपून ठेवा, विचारतात. आणि नाव बदलायची घाई नको. माहेरच्या नावाच्या पासपोर्टावर व्हिसा मिळतो. दाखल्यावर, पासपोर्टावर नि शाळा-कॉलेजच्या कागदांवर तीन तऱ्हेची नावं झाली, तर ती निस्तरण्यातच दोन महिने जातील, आणि नवरा एकटाच विमानात बसेल.